‘पित्त उठलं’ हे मशीनला कसं कळणार?

तुम्ही विचारलंय की लोक ट्विटर-फेसबुकवर औषधांबद्दल जे लिहितात, त्यावरून मशीन लर्निंगने दुष्परिणाम ओळखता येतात का, आणि एम.टेक.च्या प्रोजेक्टला हा विषय घ्यावा का. जरूर घ्या. फक्त ‘सरकारी यंत्रणेच्या आधी आम्ही धोका पकडला’ असं दाखवायचं मनात असेल, तर ते आत्ताच काढून टाका.

हा खटाटोप सुरू झाला तो खऱ्या अडचणीतून. औषध बाधलं तरी कळवतं कोण? 2006 साली हेझेल आणि शाकिर यांनी 12 देशांतले 37 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा न कळवलेल्या दुष्परिणामांचं मध्यक प्रमाण 94 टक्के निघालं. डॉक्टरला न सांगणारा माणूस रात्री दोन वाजता फोनवर मात्र सगळं लिहून मोकळा होतो. मग तेच वाचू या, असा विचार.

मी काही महिने अशा पोस्टना लेबलं लावली आहेत, म्हणजे कुठल्या पोस्टमध्ये दुष्परिणाम आहे ते हाताने नोंदवलं आहे. सेरोक्वेल या मानसिक आजारांवरच्या औषधाचंच बघा. ‘झोप लागत नाही म्हणून सेरोक्वेल सुरू केलं’, ‘सेरोक्वेल घेतल्यापासून नुसती झोप’, ‘सेरोक्वेल सोडल्यापासून झोप गेली’. औषध तेच, झोपही तीच. पण पहिल्यात तक्रार आधीची आहे, दुसऱ्यात दुष्परिणाम आहे आणि तिसऱ्यात औषध बंद केल्याचा त्रास. नुसते शब्द मोजणारं मॉडेल इथे आपटतं. बर्टसारखी भाषा समजून घेणारी मॉडेलं शब्दाचा संदर्भ बघतात, त्यामुळे बरीच सावरतात. पण ‘गोळी घेतली की मी झॉम्बी’ हा टोमणा की तक्रार, यावर आम्हा लेबल लावणाऱ्यांचंच एकमत होत नसे!

पुढची पायरी म्हणजे लोकांचे शब्द मेड्रा या वैद्यकीय संज्ञाकोशातल्या नोंदींशी जुळवणं. मराठी मजकूर घेतलात तर खरी मजा इथे आहे. ‘पित्त झालं’ म्हणजे छातीत जळजळ, पण ‘अंगावर पित्त उठलं’ म्हणजे गांध्या. मेथोट्रेक्सेट हे संधिवातावरचं औषध घेणारा ‘तोंड आलंय’ म्हणतो, तेव्हा तोंडात फोड आलेले असतात. आणि ‘औषध उष्ण पडलं’ याला कुठली नोंद लावायची? मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

अचूकतेच्या टक्क्यांना भुलू नका. 100 पोस्टपैकी 7 मध्येच दुष्परिणाम असेल, तर प्रत्येकीला ‘नाही’ म्हणणारं ठोकळा मॉडेलही 93 टक्के बरोबर ठरतं. त्या 7 पैकी किती सापडल्या आणि सापडल्या म्हणून दाखवलेल्यांत खऱ्या किती, तेवढंच बघा.

आता ती सुरुवातीची ताकीद. युरोपात 2014 ते 2017 या काळात वेब-रॅडर नावाचा मोठा प्रकल्प झाला. ट्विटर-फेसबुकच्या लाखो पोस्ट तपासून निष्कर्ष निघाला की सरसकट सगळ्या औषधांचे धोके संख्याशास्त्राने हुडकायला हा मजकूर कामाचा नाही. गरोदरपणात घेतलेली औषधं किंवा औषधांचा गैरवापर अशा ठरावीक कोपऱ्यांत मात्र उपयोग होऊ शकतो. मला यात नवल वाटत नाही. औषध घेणारे एकूण किती, हेच पोस्टवरून कळत नाही. त्यात एखादी बातमी आली की त्या औषधाबद्दल एकदम शेकडो जण लिहायला लागतात.

सुरुवात केडेक या डेटासेटपासून करा. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओने 2015 साली प्रसिद्ध केलेला, रुग्णांनी लिहिलेल्या साधारण साडेबाराशे पोस्टचा हा संच आहे. त्यात मुख्यतः डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक आणि लिपिटॉर हे कोलेस्टेरॉलवरचं औषध आहे. बहुतेक विद्यार्थी सगळ्या पोस्ट पिसून काहींवर मॉडेल शिकवतात आणि उरलेल्यांवर तपासतात. तुम्ही तसं न करता एका औषधावर शिकवा आणि दुसऱ्यावर तपासा. डायक्लोफेनॅकवाले पोटाबद्दल बोलतात, लिपिटॉरवाले स्नायूंबद्दल. मॉडेलच्या यशाचा आकडा बहुधा धाडकन खाली येईल. तो का आला हे उदाहरणं घेऊन दाखवलंत, तर तेवढ्यावर एक चांगला प्रबंध उभा राहील.