ती थडगी नव्हेत

प्रश्न : माझी मुलगी स्कॉटलंडला असते. या उन्हाळ्यात ती सेंट किल्डा बेटांवर जाऊन आली. तिने पाठवलेल्या फोटोंत ओसाड गाव दिसतं आणि डोंगरउतारावर शेकडो दगडी घुमट्या, माथ्यावर गवत उगवलेलं. ही सगळी थडगी आहेत का? एवढी माणसं कशाने गेली? (एक वाचक, गुहागर)

उत्तर : थडगी नव्हेत, ती कोठारं आहेत. तिथल्या गेलिक भाषेत त्यांना ‘क्लीट’ म्हणतात. हे गाव ज्या मुख्य बेटावर आहे, त्या एकट्या हिर्टा बेटावर ती १२००हून अधिक आहेत. तुम्ही कोकणातले, तेव्हा गडगा कसा रचतात ते तुम्हाला सांगायला नको. मातीचुना काही नाही, दगडावर दगड. क्लीटही तशीच. फटींतून वारा आरपार जातो आणि वर गवतासकट कापून ठेवलेली मातीची ढेपळं पाऊस अडवतात. भर पावसात मी अशा एका क्लीटमध्ये वाकून शिरले होते. पायाखालची माती कोरडी होती आणि गालाला गार वारा लागत होता. त्या ओल्या हवेत वस्तू वाळवायची आणि टिकवायची ती युक्ती होती. कड्यांवरून दोराने उतरून पकडलेले गॅनेट, फुल्मर, पफिन हे समुद्रपक्षी, त्यांची अंडी, पिसं, दोर, गवत, जळणाची ढेपळं असं सगळं त्यांत असायचं. बेटावर झाड नाही, त्यामुळे जळणही जमिनीतूनच कापून आणायचं.

खरी दफनभूमी घरांच्या रांगेमागे आहे, लंबगोल भिंतीच्या आत. तिथल्या बहुतेक कबरींवर नाव नाही, नुसता दगड आहे. एकोणिसाव्या शतकात इथली कितीतरी बाळं जन्मानंतर आठवड्याभरात धनुर्वाताने दगावत. १८९०च्या दशकात बाळंतपणात स्वच्छता आली आणि ते थांबलं. मला त्या बेटावर सगळ्यात जड वाटलेली जागा तीच.

पण गाव रिकामं झालं ते माणसं मेली म्हणून नव्हे, ती निघून गेली म्हणून. १८५२ मध्ये ३६ जण ऑस्ट्रेलियाला निघाले, त्यांतले बरेच वाटेतच वारले. पहिल्या महायुद्धात बेटावर नौदलाची तुकडी आली, बाहेरच्या जगाशी रोजचा संबंध आला आणि त्यानंतर तरुण एकेक करून जात राहिले. होड्या वल्हवायला आणि कडे चढायला हात उरले नाहीत. शेवटी उरलेल्यांनी स्वतःच सरकारला अर्ज केला. २९ ऑगस्ट १९३० रोजी ‘हेअरबेल’ या नौदलाच्या जहाजातून उरलेले ३६ जण निघाले. गुरं-मेंढरं आधीच पाठवली होती, कुत्री बुडवावी लागली. प्रत्येक घरात उघडं बायबल आणि ओटचा छोटा ढीग ठेवून दारं लावली, असं सांगतात.

आता जमिनीकडे बघा. घरामागून समुद्राकडे उतरणाऱ्या शेतांच्या पट्ट्या अजून स्पष्ट ओळखू येतात. त्या मातीत सीसं आणि जस्त जास्त सापडतं, कारण पिढ्यानपिढ्या पक्ष्यांचे उरलेसुरले अवशेष आणि चुलीतली राख खत म्हणून टाकली गेली. कागदावर न लिहिलेलं रोजचं जेवण असं मातीत उतरलेलं असतं. म्हणूनच ओसाड गावात मी भिंतींआधी उकिरडा शोधते. गावातच एक जमिनीखालचं दगडी भुयारही आहे, लोहयुगातलं. म्हणजे १९३०ला सुटलेली वस्ती दोन हजार वर्षांच्या आसपास जुनी होती.

मुलीकडे रस्त्याचा फोटो असेल तर नीट बघा. समुद्राकडे तोंड केलेली, धुराडी असलेली घरं १८६०च्या सुमाराची. त्यांच्या अधेमधे गोल कोपऱ्यांच्या, जाड भिंतींच्या, समुद्राकडे आखूड बाजू केलेल्या बुटक्या इमारती दिसतील. ती त्याआधीची घरं. माणसं आणि गुरं एकाच छपराखाली राहत. नवी घरं झाल्यावर त्यांचे गोठे झाले. फोटोत तशी एखादी सापडली तर मला जरूर पाठवा.