डोळे दिपले, पण कथेचे काय?

प्रश्न : मोठ्या खर्चाच्या ॲक्शनपटांवरून आमच्या घरी नेहमी एकच वाद होतो. माझ्या मते कथा पोकळ असेल, तर कितीही गाड्या उडवल्या आणि इमारती पाडल्या तरी चित्रपट फसतो. माझ्या भाच्याचे म्हणणे असे, की या चित्रपटांना लोक कथेसाठी जातच नाहीत. दृश्यांनी डोळ्यांचे पारणे फिटले की पैसे वसूल, आणि तिकीटबारीवरचे आकडेही हेच सांगतात. नेत्रदीपक दृश्यांनी दुबळ्या कथेची भरपाई होते का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आकड्यांपुरते आपल्या भाच्याचे खरे आहे. 'ट्रान्सफॉर्मर्स' मालिकेच्या २०१४ मधील चौथ्या भागाची कथा सलग सांगून दाखवणे तो पाहून आलेल्यालाही जड जाईल. तरी त्या पावणेतीन तासांच्या चित्रपटाने जगभरात ११० कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला. मात्र त्यानंतर तीनच वर्षांनी आलेला पाचवा भाग सुमारे ६० कोटींवर थांबला. यंत्रमानव तेच होते आणि स्फोटांतही कुठे काटकसर नव्हती. नवलाई ओसरल्यावर प्रेक्षकाला धरून ठेवणारे दुसरे काही त्या चित्रपटात उरले नाही, एवढाच त्याचा अर्थ मी लावतो.

पण आपण दोघेही कथा एका पारड्यात आणि दृश्ये दुसऱ्या पारड्यात टाकून वजन करीत आहात, ते मला पटत नाही. चांगल्या ॲक्शनपटात कथा हाणामारीच्या आधी आणि नंतरच्या संवादांत नसते. ती हाणामारीतच घडते. जेम्स बॉन्डचे लागोपाठचे दोन चित्रपट यासाठी पाहण्यासारखे आहेत. 'कसिनो रोयाल' (२००६) आणि 'क्वांटम ऑफ सोलेस' (२००८) या दोन्हींत नायक डॅनियल क्रेगच आहे आणि दुसऱ्याची कथा पहिल्याच्या शेवटापासून पुढे सुरू होते. पहिल्या चित्रपटाच्या सुरुवातीलाच एका बॉम्ब बनवणाऱ्या माणसाचा पाठलाग आहे. बांधकामाच्या जागेवर तो चपळ माणूस एका भिंतीच्या वरच्या अरुंद मोकळ्या जागेतून सफाईने पलीकडे जातो. मागून येणारा बॉन्ड तेवढा खटाटोप न करता सरळ भिंत फोडून बाहेर पडतो. प्रेक्षागृहात तिथे हशा पिकतो, पण त्या दोन-चार सेकंदांत हा नायक ताकदवान, हट्टी आणि उतावळा आहे हे कळते, आणि पुढे त्याचे जे नुकसान होते त्याची बीजे तिथेच रोवली जातात. त्यासाठी संवादाचे एक वाक्यही खर्ची पडलेले नाही.

दुसरा चित्रपटही गार्डा सरोवराच्या काठावरील मोटारींच्या पाठलागानेच सुरू होतो. खर्चात, वेगात किंवा जोखमीत तो तसूभरही कमी नाही. बॉन्डच्या गाडीचे दार उखडून जाते, गोळ्यांचा पाऊस पडतो. परंतु दृश्यांचे तुकडे इतके आखूड आहेत, की कोणती गाडी कोणाची हे उमगण्याआधीच पुढचा तुकडा येतो. त्याहून मोठी चूक पाठलाग संपल्यावर लक्षात येते. बॉन्ड गाडीची डिकी उघडतो आणि आत पकडून आणलेला एक महत्त्वाचा माणूस निघतो. हा माणूस डिकीत आहे हे आधीच सांगितले असते, तर गाडीला लागणारी प्रत्येक गोळी आपल्या काळजाला लागली असती. इथे आपण नुसता पत्रा फाटताना पाहतो. या चित्रपटाची पटकथा पुरी होत असतानाच हॉलिवूडच्या लेखकांचा संप सुरू झाला, तो नोव्हेंबर २००७ पासून फेब्रुवारी २००८ पर्यंत चालला, आणि चित्रीकरण मात्र थांबले नाही. काही प्रसंग आपण आणि दिग्दर्शकाने मिळूनच लिहिल्याचे क्रेगने पुढे सांगितले आहे. तरीही कमाई जवळपास आधीच्या चित्रपटाइतकीच झाली, हे भाच्याच्या बाजूने नोंदवून ठेवतो.

साधी कथा म्हणजे दुबळी कथा, असेही नाही. 'मॅड मॅक्स : फ्यूरी रोड' (२०१५) या चित्रपटात वाळवंटातून पळत जायचे आणि त्याच वाटेने परत यायचे, एवढीच कथा आहे. दिग्दर्शक जॉर्ज मिलरने ती सुमारे ३,५०० रेखाचित्रांत आधी मांडून घेतली. दृश्यांचे तुकडे इथेही झपाट्याने बदलतात, पण महत्त्वाची गोष्ट चौकटीच्या मध्यभागी ठेवल्यामुळे डोळ्यांना ती शोधत बसावे लागत नाही. रात्रीच्या चिखलातील प्रसंगात मॅक्सचा नेम चुकतो आणि एकच गोळी उरते. तो मुकाट्याने बंदूक सोबत पळणाऱ्या फ्युरिओसा या नायिकेच्या हाती देतो आणि तिला नळी टेकवायला आपला खांदा पुढे करतो. थोड्या वेळापूर्वी हे दोघे एकमेकांच्या जिवावर उठले होते.

आपल्याकडचे म्हणाल, तर दादासाहेब फाळक्यांच्या 'लंकादहन'ला (१९१७) आलेला प्रेक्षक रामायण मनात घेऊनच आला होता, त्यामुळे मारुतीच्या उड्डाणाला प्रस्तावनेची गरज पडली नाही. पण ओळखीची कथा प्रत्येक वेळी तारून नेतेच असे नाही. ओम राऊत यांच्या 'तान्हाजी'त (२०२०) शेवट प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक असूनही कोंढाण्याचा चढ अंगावर येतो, कारण मुलाचे लग्न बाजूला ठेवून हा माणूस इथे आला आहे हे आपण विसरत नाही. इतिहासाबाबत घेतलेली मोकळीक हा वेगळा विषय. याच दिग्दर्शकाच्या, रामायणावरच्याच 'आदिपुरुष'ला (२०२३) मात्र पहिले तीन दिवस तुफान गर्दी झाली आणि सोमवारपासून ती ओसरली. तिथे संवादांवर टीका झाली आणि काही बदलावे लागले. पण संगणकावर रचलेली दृश्येही लोकांच्या गळी उतरली नव्हती, म्हणून सगळे खापर लेखनावर फोडणे योग्य होणार नाही.

प्रश्न : चित्रपटगृहात ज्यावर शिट्ट्या मारल्या, तोच चित्रपट घरी टीव्हीवर अर्ध्यात बंद करावासा का वाटतो?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : पडदा आणि आवाज लहान झाला की भव्यतेचा बराचसा भाग तिथेच गळून पडतो आणि मग पात्रांना स्वतःच्या बळावर उभे राहावे लागते. 'अवतार' (२००९) त्रिमितीसाठीच बनवलेला आणि कथेच्या बाबतीत बेताचा म्हणून हिणवला गेलेला चित्रपट. पण चाकाच्या खुर्चीवरचा नायक नव्या शरीराने पहिल्यांदा धावतो आणि पायाची बोटे मातीत रुतवतो, तो प्रसंग मोबाइलवरही फिका पडत नाही. पुढच्या वेळी घरी हाणामारी सुरू झाली की आवाज बंद करून पाहा. कोण जिंकतो आहे आणि हरणाऱ्याचे काय जाणार आहे, हे तरीही कळत असेल, तर तो चित्रपट आपण शेवटपर्यंत पाहाल.