छाटणीआधी डोळ्यांचं बघ

बोगनवेल छाटायला घेतलीस, छान. पण कात्रीआधी सुरक्षेचा गॉगल आण. नंबरचा चष्मा किंवा उन्हाचा गॉगल पुरत नाही. फांदी समोरून कमी, बाजूनं आणि खालूनच जास्त येते. ओढून धरलेली फांदी सुटली की चाबकासारखी फिरते. मला एकदा लिंबाचा काटा भुवईला लागला, बोटभर खाली असता तर!

काच पॉलिकार्बोनेटची, बाजूंनी बंद, आणि ईएन १६६ किंवा आयएस ५९८३ (डोळ्यांच्या संरक्षणाची युरोपीय आणि भारतीय मानकं) असा शिक्का असलेला घे. चष्म्यावरून बसणाराही मिळतो. वाफ धरू नये म्हणून हवेची झाकलेली भोकं असलेला बरा. जाळीचा गॉगल शेरासारख्या चिकाच्या झाडासाठी अजिबात नको, चीक थेट आत जातो. गेलाच, तर लगेच स्वच्छ पाण्यानं १५-२० मिनिटं डोळा धू आणि डॉक्टर गाठ. काच कोरड्या फडक्यानं पुसू नकोस, ओरखडे पडतात. आधी नळाखाली धर.

आणि हो, फांदी लागून डोळा लाल झाला तर घरात पडलेले थेंब घालू नकोस. झाडाच्या इजेतून डोळ्यात बुरशी शिरू शकते आणि त्या थेंबांत स्टेरॉइड असलं तर ती आणखी फोफावते.