ऑइलगळतीचं बिल: आधी वरचं, मग खालचं

प्रश्न थोडक्यात असा. गाडी अकरा वर्षांची, रोज कामावर जायला तीच. गाडी उभी करायच्या जागेवर सकाळी नाण्याएवढा काळा डाग दिसतो आणि दोन महिन्यांत साधारण अर्धा लिटर ऑइल वरून घालावं लागतं. मेकॅनिकने खाली वाकून बघितलं आणि सांगितलं, टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग गेलंय, क्रँकचं (इंजिनातल्या फिरत्या दांड्याचं) मागचं ऑइल सीलही गेलंय, दोन्ही करून टाका. आकडा ऐकून वाचक हबकले, कारण दोन्ही सुट्या भागांची मिळून किंमत त्या आकड्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी निघाली. ते विचारतात: "हा सरळसरळ लुटतोय. व्हिडिओ बघून मी स्वतःच केलं तर? की कार्डावर हप्ते करून मोकळा होऊ?"

नमस्कार,

तुम्ही रक्कम कळवली आहे, पण मी तिला इथे १०० म्हणतो, म्हणजे बाकीच्यांनाही आपापला हिशोब लावता येईल. तुम्ही दिलेल्या फोडीनुसार वरचं पॅकिंग १५ आणि मागचं सील ८५. त्यात पॅकिंगचा भाग ४ चा, सील ३ चं.

आधी 'लुटतोय' बद्दल. शक्य आहे, नाही असं नाही. पण सुट्या भागाच्या किमतीवरून ते ठरत नाही. मागचं सील म्हणजे रबराचं एक कडं, हातात घेतलं तर वाटतं याचे काय एवढे पैसे! पण ते बसतं इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये. तिथे पोचायचं तर गिअरबॉक्स उतरवायचा, क्लच काढायचा, फ्लायव्हील काढायचं, कडं बदलायचं आणि सगळं उलट्या क्रमाने परत चढवायचं. माणसाचा जवळजवळ अख्खा दिवस त्यात जातो. ऑपरेशनचं बिल आपण टाक्यांच्या दोऱ्याच्या किमतीवरून जोखत नाही, तसंच हे. महाग आहे का ते बघायचं असेल तर तास विचारा, तासाचा दर विचारा आणि तेच दोन प्रश्न दुसऱ्या ठिकाणी जाऊन विचारा.

मला मेकॅनिकच्या दरापेक्षा त्याचं निदान खटकलं. त्याने इंजिन धुतलं नाही, फक्त वाकून बघितलं. अकरा वर्षांच्या इंजिनाखाली वाकून बघितलं तर सगळीकडे ओलं आणि चिकटच दिसणार. ऑइल गळतं एका जागी आणि ठिबकतं भलत्याच जागी. टॅपेट कव्हर इंजिनाच्या डोक्यावर असतं. त्याचं पॅकिंग कडक होऊन मागच्या बाजूने पाझरायला लागलं की ओघळ इंजिनाच्या पाठीवरून खाली उतरतो आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडावर येऊन टपकतो. मागचं सील गेलं तरी थेंब तिथेच पडतो. खालून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. चांगले, प्रामाणिक मेकॅनिकही इथे चकतात.

म्हणजे त्या १०० मधले १५ बहुधा लागणारच आहेत. उरलेले ८५ लागतील की नाही, हे आज कुणालाच माहीत नाही, त्यालाही नाही. आणि तुम्ही मला विचारताय की ते ८५ चं काम स्वतः करू की त्याच्याकडून करून घेऊ. आधी ते काम आहे का ते तरी बघू या.

त्यासाठी खर्च फारसा नाही. इंजिन गार असताना ग्रीस काढायच्या फवाऱ्याने वरपासून खालपर्यंत पुसून काढा. जोराच्या पाण्याचा फवारा मारू नका, वायरींच्या जोडांत पाणी शिरलं तर नवीनच दुखणं मागे लागेल. मग नेहमीसारखी गाडी चालवा, आणि परत आल्यावर टॉर्च हातात धरून वरून खाली बघत या. सगळ्यात वरची ओली जागा कोणती, तिथून सुरुवात. रात्री खाली पांढरा पुठ्ठा अंथरा आणि पुढच्या चाकांच्या जागा त्यावर पेनाने आखून ठेवा, म्हणजे डाग नेमका कशाखाली पडला ते कळेल. रंगही बघा. तपकिरी-काळं म्हणजे इंजिन ऑइल. लालसर असेल तर गिअरबॉक्स किंवा स्टिअरिंगकडे बघावं लागेल. एसीचं नुसतं पाणी पडलेलं बघून घाबरणारेही मला भेटलेत.

जाता जाता ऑइल फिल्टर आणि ऑइल काढायचा बोल्टही हाताने चाचपून बघा. मागच्या सर्व्हिसिंगला फिल्टर बदलताना जुन्याचं रबर इंजिनालाच चिकटून राहिलं आणि त्यावर नवा फिल्टर चढवला, असं होतं. तसं निघालं तर खर्च जवळपास शून्यच.

आता वरचं पॅकिंग स्वतः बदलायचं का? काम तसं घरी करण्यासारखं आहे. बोनेट उघडून वरून होतं, गाडीखाली जावं लागत नाही, ही त्यातली सगळ्यात चांगली गोष्ट. (नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचा विचार असेल तर मी सरळ नाही म्हणेन, कितीही बचत होवो.) हिशोब मांडू. मेकॅनिकचे १५. तुमचे पॅकिंगचे ४, आणि टॉर्क पाना (बोल्ट मोजक्या जोराने आवळायचा पाना), सॉकेट, साफसफाईचं सामान तुमच्याकडे नाही, त्याचे ८. झाले १२. पहिल्या खेपेला बचत ३, आणि त्यासाठी सुट्टीची निम्मी सकाळ. पुढच्या खेपेला पाने घरचेच असतील तेव्हा ११ वाचतील हे खरं, पण हे पॅकिंग एकदा नीट बसलं की वर्षानुवर्षं टिकतं. पुढची खेप येईपर्यंत गाडी तुमच्याकडे असेल का?

त्यात हातून चूक झाली तर तिची किंमतही धरा. इथे मी माझंच उदाहरण देतो. काही वर्षांपूर्वी ऑइल बदलायला पैसे कशाला द्यायचे म्हणून मी स्वतः खाली शिरलो. जुनं ऑइल काढलं, बोल्ट परत लावला, आवळला. मग वाटलं, अजून थोडा. पाना जड जात होता, जड जात होता, आणि एकाएकी मऊ झाला. लोण्यात फिरावा तसा फिरला. त्या क्षणी पोटात जो गोळा येतो तो ज्याने आटे घालवलेत त्यालाच कळेल. इंजिनाखालचं, ऑइल साठतं ते ॲल्युमिनियमचं चेंबर, त्याचे आटे गेले. गाडी तिथेच, ऑइल बाहेर. नवं चेंबर बसवण्यात जे गेलं त्यात मेकॅनिककडून पाच-सहा वेळा ऑइल बदलून झालं असतं.

टॅपेट कव्हरचे बोल्ट त्याहून नाजूक. बऱ्याच गाड्यांत ते साधारण १० न्यूटन मीटरला आवळायचे असतात. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा, पण १० म्हणजे किती हे हाताला कळावं म्हणून सांगतो: वीतभर पान्याच्या टोकाला जेमतेम पाच किलोचा जोर. गळतीने चिडलेला माणूस त्याच्या दुप्पट सहज लावतो. दुसरी चूक उलट्या टोकाची, 'गळायलाच नको' म्हणून सगळीकडे सिलिकॉन थापणं. आत सुटलेली त्याची पिळं ऑइलमध्ये पडतात आणि खाली ऑइल ओढणाऱ्या जाळीवर जाऊन बसू शकतात. मग ऑइलचा दाब पडतो आणि गोष्ट पॅकिंगवरून थेट इंजिनावर जाते.

समजा, पाच नवख्यांपैकी एकाच्या हातून असं काही होतं आणि ते निस्तरायला ३० लागतात. हे आकडे अंदाजाचे आहेत, तुमचा हात किती बसलाय त्याप्रमाणे बदला. पण एवढं धरलं तरी चुकांचा सरासरी भार ६ होतो आणि तुमची बचत होती ३. निव्वळ पैशासाठी हे काम घरी करू नका. शिकायची हौस असेल तर जरूर करा, पण मग ते ८ हौसेच्या खात्यात टाका.

मी असतो तर वरचं काम १५ देऊन करून घेतलं असतं, आणि लवकर. कारण त्या पॅकिंगचं ऑइल अनेकदा थेट गरम एक्झॉस्टवर पडतं. गाडीत जळकट वास येत असेल किंवा बोनेटमधून धूर दिसला असेल तर आगीचा धोका असतो, तिथे महिनाअखेरची वाट बघायची नाही. काम देताना ब्रीदरचा (इंजिनाच्या आतला दाब बाहेर सोडायच्या वाटेचा) व्हॉल्व्ह आणि नळीही तपासायला सांगा. ती तुंबली असेल तर इंजिनाच्या आतला दाब वाढतो आणि जिथून वाट मिळेल तिथून ऑइल बाहेर ढकलतो. तसं असेल तर नवं पॅकिंगही काही दिवसांत पाझरेल आणि तुम्ही परत त्याच माणसावर चिडाल. मग इंजिन पुन्हा पुसून पाचशे किलोमीटर चालवा. पुठ्ठा कोरडा राहिला तर १०० चं काम १५ मध्ये संपलं.

आणि नाही राहिला कोरडा, तर? सील खरंच गेलंय. ते काम घरी करायचा विचारही मनात आणू नका. पण ते आजच करायला हवं असंही नाही. अर्धा लिटर दोन महिन्यांत म्हणजे वर्षाला तीन लिटर. तुमच्या ऑइलच्या भावाने ते वर्षाचे ६ होतात. दर आठवड्याला गार इंजिनावर, सपाट जागी, डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघायची आणि खालच्या खुणेच्या जवळ जाऊ द्यायचं नाही, एवढी शिस्त असेल तर सहा महिने निघतील. त्याहून लांबवू नका. रस्त्यावर सांडलेल्या ऑइलवरून दुचाकीवाले घसरतात. शिवाय मागच्या सीलचं ऑइल क्लचवर गेलं तर क्लच घसरायला लागतो आणि बिल वाढतं. या काळात ऑइलचा लाल दिवा चालू गाडीत लागला तर घरापर्यंत नेऊ म्हणायचं नाही, तिथेच इंजिन बंद.

त्या सहा महिन्यांत दरमहा १४ बाजूला टाकले की ८५ जवळपास जमतात. कार्डाचे हप्ते नकोत. 'बिनव्याजी' म्हणाले तरी प्रक्रिया शुल्क विचारा आणि एक हप्ता चुकला तर काय होतं ते वाचा. आपत्कालीन निधीलाही मी हात लावणार नाही. तो नोकरी गेली, दवाखाना आला यासाठी असतो. अकरा वर्षांची गाडी काही ना काही मागणारच, तिचं वेगळं खातं हवं होतं आणि ते नव्हतं, एवढंच इथे चुकलंय.

गिअरबॉक्स उतरवायची वेळ आलीच तर क्लच प्लेट किती चालली आहे ते त्याच वेळी बघून घ्या. झिजली असेल तर तेव्हाच बदला, मजुरी दोनदा पडत नाही. मेकॅनिकशी बोलताना 'तुम्ही लुटताय' ने सुरुवात करू नका, त्याने कुणाचंच बिल आजवर कमी झालेलं नाही. "आज फक्त वरचं करा, जुनं पॅकिंग मला परत द्या, सीलचं महिन्याने बघू" एवढंच म्हणा. तो त्यावर काय म्हणतो त्यावरून बरंच कळेल.

पुठ्ठ्यावरचा डाग कुठे पडला ते कळवा. जोडाखालीच असेल तर क्लच शेवटचा कधी बदलला तेही लिहा, म्हणजे पुढचे आकडे मांडता येतील.