डिजिटल स्लॉट कारच्या ट्रॅकवर तिसरी गाडी ठेवली की लांबच्या वळणावर सगळ्याच मंदावतात. मोठा ॲडॉप्टर घेऊ का?

नका घेऊ. "जास्त अँपिअरचा लावा, प्रश्न सुटेल" असं तुम्हाला ज्यांनी सांगितलं, त्यांनी तुमच्या ट्रॅकला व्होल्टेज मोजायचा मीटर लावलेला नाही, हे मी इथे बसून सांगते.

तुम्ही लिहिलंय की कारेरा कंपनीचा डिजिटल १३२ आहे (खाचेतून धावणाऱ्या विजेच्या खेळण्यातल्या गाड्यांचा ट्रॅक, एकाच लेनवर अनेक गाड्या चालवता येतात), लूप साधारण १२ मीटरचा. दोन गाड्या नीट धावतात, तिसरी आली की कंट्रोल युनिटपासून (ॲडॉप्टर आणि हातातले कंट्रोलर जिथे जोडतात तो डबा) सगळ्यात लांबच्या वळणावर सगळ्या रेंगाळतात, एखादी बंद पडून पुन्हा सुरू होते. शिवाय आणखी दोन लेन-चेंजर, म्हणजे गाडीला लेन बदलू देणारे तुकडे, घालावेत का, हेही विचारलंय. ते नंतर. तुमची पहिली लक्षणं वाचली आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले, कारण अगदी हीच लक्षणं आमच्या घरात कैक सुट्ट्या सगळ्यांनी पाहिली आणि त्याचा दोष एका लहान मुलीच्या माथी मारला.

आम्ही बोरिवलीला राहतो. ट्रॅक एरवी माळ्यावर असतो, दिवाळीत आणि मे महिन्यात खाली उतरतो. सोफा उभा करून पॅसेजमध्ये सरकवायचा, हॉलभर ट्रॅक पसरायचा, चुलत भावंडं सगळी जमतात. आमची धाकटी त्यांच्यात सगळ्यात लहान, म्हणून गाडी निवडायची पाळी तिची शेवटची. तिच्या वाट्याला येणारी गाडी सगळ्यात जुनी, ट्रॅकवरून वीज घेणाऱ्या खालच्या तांब्याच्या जाळीच्या पट्ट्या झिजून विस्कटलेल्या. युनिटपासून लांबच्या, खिडकीखालच्या वळणावर चार गाड्या एकत्र आल्या की बाकीच्या मंदावायच्या, हिची थांबायचीच. "हिला ट्रिगर दाबता येत नाही." हे वाक्य माझ्या थोरल्या दिरांचं. एकदा नाही, दर शर्यतीला. मग पोरंही तेच म्हणायला लागली. एका दिवाळीत तिने कंट्रोलर खाली ठेवला आणि मला खेळायचं नाही म्हणून सांगितलं.

आता भाऊजी इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर. बिल्डिंगचं वायरिंग त्यांना झोपेत जमतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी डिप्लोमा केला इलेक्ट्रॉनिक्सचा आणि वैद्यकीय उपकरणं दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये नोकरी करते. पंधरा व्होल्टच्या आसपासच्या गोष्टी हेच माझं रोजचं काम. पण आमच्या हॉलमध्ये मत विचारलं जायचं त्यांचं. त्यांचं पहिलं निदान, घराचं व्होल्टेज कमी पडतंय, स्टॅबिलायझर आणा. प्लगमध्ये मीटर घालून दाखवला, २३० च्या जवळपास होते. दुसरं निदान तुम्हाला मिळालं तेच. आणि मोठा ॲडॉप्टर हाताशी नव्हता म्हणून त्यांनी दुसरा एक ॲडॉप्टर आणून सरळ लांबच्या वळणावरच्या ट्रॅकच्या धातूच्या पट्ट्यांना जोडून टाकला.

गाड्या कुणाचंच ऐकेनात. यात नवल काहीच नाही. या ट्रॅकवर वीज आणि हुकूम एकाच पट्टीतून जातात. कंट्रोल युनिट पट्टीवरचा डीसी पुरवठा अगदी सूक्ष्म वेळापुरता खंडित करतं, आणि त्या खंडांच्या क्रमातून प्रत्येक गाडीतल्या डिकोडरला, म्हणजे निरोप वाचणाऱ्या चिपला, कळतं की आपला ट्रिगर किती दाबलाय, लेन बदलायची आहे का. लांबच्या टोकाला दुसरा ॲडॉप्टर लावला की तो ते खंड भरून काढतो. पट्टी सतत भरलेली, म्हणजे निरोपच पुसला गेला. भाऊजींनी जाहीर केलं की कंट्रोल युनिट जळलं, नवीन मागवा. मी तो ॲडॉप्टर काढला, युनिट ठणठणीत होतं. तेव्हाही मी नुसतं एवढंच म्हटलं होतं की ट्रॅकच्या तुकड्यांमधले जोड तपासू या. "जोडांचं काय, पट्टीला पट्टी टेकलीय ना?" हे त्यांचं उत्तर.

टेकलीय हे खरं, पण किती टेकलीय? हिशेब करा. कारेराचा सरळ तुकडा ३४५ मिलिमीटरचा. तुमचा १२ मीटरचा लूप म्हणजे सुमारे ३५ जोड, प्रत्येक जोडावर चार पट्ट्या, म्हणजे १४० ठिकाणी धातू धातूला नुसता टेकून वीज पुढे सरकवतोय. शिवाय पट्ट्या स्टेनलेस स्टीलच्या. गंजत नाहीत हे मुंबईच्या हवेत मोठंच सुख, पण तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा स्टेनलेसचा विरोध सुमारे चाळीसपट. आणि आपण ट्रॅक दर सुट्टीला जोडतो, उसकटतो. परदेशात तळघरात टेबल ठोकून कायमचा ट्रॅक मांडणाऱ्या लोकांचे सल्ले आपल्या कामाचे नाहीत ते यासाठी. त्यांचे जोड एकदा बसले ते बसले. आपले दरवेळी पोरं ओढून सोडवतात, संपर्काची पत्र्याची टोकं चपटी होतात, वर पावसाळाभर माळ्यावरचा दमटपणा.

तुम्ही मीटर लावून बघितला आणि "लांबच्या टोकालाही व्होल्टेज पूर्ण दाखवतंय" असं लिहिलंय. गाड्या धावत नसताना दाखवणारच. वरच्या मजल्यावर दुपारी नळ सोडला तर पाणी जोरात येतं, सकाळी सगळ्या बिल्डिंगचे नळ सुटले की धार बारीक होते, तसंच हे. बिनभाराचं व्होल्टेज काहीच सांगत नाही. भार द्या. स्पेअर पार्टच्या कुठल्याही दुकानातून गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब आणा, त्याला दोन वायरी लावा आणि लांबच्या वळणावर एका लेनच्या दोन पट्ट्यांना चिकटवा. दोनेक अँपिअर ओढतो, म्हणजे गाड्यांचा घोळका आल्यासारखंच. बल्ब चांगलाच तापतो, ट्रॅकच्या प्लॅस्टिकवर टेकवू नका. थंड बल्ब पहिल्या क्षणी कितीतरी जास्त ओढतो, त्यामुळे युनिट बंद पडलं तर १० वॅटचा घ्या.

आमच्याकडे युनिटजवळ १४.१ होते. ॲडॉप्टरवर १४.८ व्होल्ट, ५१.८ व्हीए छापलंय, म्हणजे साडेतीन अँपिअरचा. त्या सूक्ष्म खंडांमुळे मीटर जरा कमी दाखवतो, ते सोडून द्या. खिडकीखालच्या वळणावर बल्ब नसताना तेच १४.१, बल्ब लावताच १०.३. मुलीला शेजारी बसवून मी हे मोजलं, आकडे तिनेच वहीत लिहिले.

मग कुठे अडतंय ते शोधायचं. बल्ब तसाच पेटता ठेवून मीटरचं एक टोक जोडाच्या अलीकडे, दुसरं पलीकडे, त्याच पट्टीवर. चांगल्या जोडावर वीस-तीस मिलिव्होल्ट येतात. असे एकेक करत निघालो आणि वळणाच्या तोंडाशी असलेल्या एका जोडावर जवळजवळ एक व्होल्ट आला. सोडवून बघितलं तर पत्र्याचं टोक आत दबलेलं. पट्टीला टेकल्यासारखं फक्त दिसत होतं. लूप असल्यामुळे वीज दुसऱ्या बाजूने लांबून येत होती, म्हणून ट्रॅक पूर्ण बंद कधीच पडला नाही आणि म्हणूनच कुणाला संशय आला नाही. एवढ्या कमी व्होल्टेजवर मोटर मंदावते आणि झिजलेल्या जाळीच्या गाडीचा डिकोडर तर रीसेटच होतो. ट्रिगर कुणीही दाबो.

टोकं नाकाड्या पकडीने हलकेच वर उचलली, सगळ्या पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या. पॉलिश पेपर लावू नका, ओरखड्यांत काळं साठतं. मग खरं काम केलं, ते म्हणजे ट्रॅकखालून तांब्याची वायर. लोहार चाळीतून दीड स्क्वेअर एमएमची दोन रंगांची आणली. कंट्रोल युनिटला लागून असलेल्या तुकड्याच्या पट्ट्यांपासून सुरू करून वळणापर्यंत, मध्ये एका ठिकाणी जोडत नेली. लक्षात घ्या, सुरुवात युनिटच्या पुढच्या पट्टीपासून, ॲडॉप्टरपासून नाही, नाहीतर निरोप पुसला जाण्याची तीच गत. डिजिटलमध्ये गाडी लेन बदलते, त्यामुळे दोन्ही लेनच्या डाव्या पट्ट्या एका रंगाला, उजव्या दुसऱ्या. जोडण्याआधी मीटरने खात्री करा.

स्टेनलेसवर नेहमीच्या रोझिनने (सोल्डर धातूला धरावं म्हणून लावतात तो फ्लक्स) सोल्डर धरत नाही, थेंब गोळी होऊन घरंगळतो. ॲसिड फ्लक्स लागतो. खिडकी उघडी ठेवा, सोल्डरिंग आयर्न पट्टीवर पटकन टेकवून उचला, कारण खालचं प्लॅस्टिक लगेच मऊ पडतं, आणि काम झाल्यावर ओल्या फडक्याने फ्लक्स पूर्ण पुसून काढा. राहिला तर तोच पुढे जोड खातो.

यानंतर त्याच बल्बला वळणावर १३.२ मिळाले. ॲडॉप्टर जुनाच. पुढच्या दिवाळीत धाकटीने जाळीच्या पट्ट्या नव्या घातलेली तीच गाडी घेतली आणि खिडकीखालून न थांबता गेली, पूर्ण शर्यतभर. भाऊजी अजून म्हणतात की वायर टाकली म्हणजे पुरवठाच वाढवला, म्हणजे मी म्हणत होतो तेच. नाही भाऊजी. पुरवठा तेवढाच होता, तो वाटेत मरत होता. वाट दुरुस्त करणं आणि मागून जास्त ढकलणं यातला फरक छोटा नाही. अर्ध्या ओहमच्या खराब जोडातून चार अँपिअर गेले तर त्या एका टोकावर आठ वॅटची उष्णता होते, आणि प्लॅस्टिक वितळायला ती पुरते. शिवाय गाडी उलटून जाळीचा तुटका धागा दोन पट्ट्यांवर आडवा पडला तर साडेतीन अँपिअरचा ॲडॉप्टर मान टाकतो, ते बरंच असतं. दहा अँपिअरचा थांबत नाही, तो धागा आणि पट्टी लाल करतो. म्हणून पहिल्याच ओळीत नका घेऊ म्हटलं.

लेन-चेंजर आत्ता घालू नका. तेही त्याच पट्टीवरून वीज घेतात आणि प्रत्येकामागे जोड वाढतात.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. बल्ब युनिटच्या अगदी जवळ लावूनही आकडा कोसळला, तर मात्र दोष ॲडॉप्टरमध्ये किंवा त्याच्या पिनमध्ये आहे, तेव्हा तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच अँपिअरचा नवीन घ्या. संच कुणी अमेरिकेतून आणला असेल तर सगळ्यात आधी ॲडॉप्टरवरचं इनपुट वाचा. नुसतं १२० लिहिलं असेल तर आपल्या प्लगमध्ये घालूच नका. आणि हे वाचणाऱ्या कुणाचा स्केलेक्सट्रिक या दुसऱ्या कंपनीचा डिजिटल ट्रॅक असेल तर माझे आकडे तसेच धरू नका, तिथे सिग्नलची पद्धत वेगळी आहे, आणि त्यांच्या पट्ट्या गंजतातही.

बल्ब लावून युनिटजवळचा आणि लांबच्या वळणाचा असे दोन आकडे खाली लिहा. पुढे कुठे शोधायचं ते मग सांगते. आणि तुमच्या घरातही कुणाची गाडी सारखी थांबत असेल, तर आकडे हातात येईपर्यंत त्या पोराला काही बोलू देऊ नका.