ऑस्ट्रेलियाला निघालेल्या परिचारिकेस

प्रिय मुली,

रोटरीच्या व्होकेशनल ट्रेनिंग टीममध्ये तुझी निवड झाली, मनापासून अभिनंदन. नवजात शिशू विभागाचं काम शिकायला चालली आहेस. पण तुझ्या पत्रात ऑपेरा हाउस आलं, समुद्रकिनारे आले आणि रात्रपाळीचा शब्दही नाही, म्हणून हे लिहितोय.

या दौऱ्यांची परंपरा जुनी आहे. रोटरी फाउंडेशनने 1965 साली ग्रुप स्टडी एक्स्चेंज सुरू केलं. एक रोटेरियन टीम लीडर, त्याच्यासोबत रोटेरियन नसलेली तरुण, नोकरी-व्यवसायातली चार-पाच माणसं, चार ते सहा आठवडे आणि मुक्काम यजमानांच्या घरी. नंतर तिकडची टीम आपल्याकडे यायची. 2013 मध्ये ती योजना थांबली आणि तुमच्यासारख्या टीम फाउंडेशनच्या 'ग्लोबल ग्रँट' या अनुदानातून जाऊ लागल्या. मला जुनी योजना जास्त आवडायची. वकील, शिक्षक, शेती अधिकारी एकाच गाडीतून वाद घालत फिरायचे. अर्थात त्यातला बराच वेळ हारतुरे आणि क्लबांच्या झेंड्यांची देवाणघेवाण यांतच जायचा! तुमचा विषय मात्र ठरलेला आहे, तो सोडू नकोस.

यजमान तुला उत्तमातलं उत्तम दाखवणार. मंत्री येणार म्हटलं की आपल्या वॉर्डातल्या चादरी कशा बदलतात, ते तुला वेगळं सांगायला नको. म्हणून टीम लीडरमार्फत आधीच कळव की पाळी बदलते तेव्हा मला वॉर्डात उभं राहायचंय. एका पाळीची परिचारिका दुसरीला बाळं सोपवते, तेव्हा तिकडे बऱ्याच ठिकाणी आयस्बार (ISBAR) नावाची पद्धत वापरतात: आधी ओळख, मग सध्याची स्थिती, पूर्वेतिहास, आपलं मूल्यमापन आणि पुढे काय करायचं, याच क्रमाने बोलायचं. हे बोलणं बाळाच्या पाळण्याशी होतं की नर्सिंग स्टेशनवर? आईला ऐकू येतं का? सलाइनचा वेग आणि औषधांचा कागद दोघी मिळून तपासतात का? हे बारकाईने बघ आणि त्याच रात्री लिहून काढ. यंत्रं बघून दिपशील, पण तू परत येशील तेव्हा तुझ्या हॉस्पिटलात ती नसतील. ही पद्धत मात्र एका छापील कागदावर सुरू करता येते.

चाललीस कांगारूंच्या देशात, पण कांगारू मदर केअर आली कोलंबियातून, हे लक्षात असू दे. 1978 मध्ये बोगोटात इन्क्युबेटर पुरत नव्हते, जंतुसंसर्गाने बाळं दगावत होती, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी कमी वजनाची बाळं आईच्या छातीशी ठेवायला सुरुवात केली. तेव्हा तिथे मान खाली घालून वावरू नकोस. आपल्याकडे रात्री एका परिचारिकेकडे किती बाळं असतात आणि ती कसं निभावते, हे त्यांनाही ऐकायचं असतं. क्लबात दहा मिनिटं बोलायला मिळतील. ताजमहालाच्या स्लाइड नकोत, हेच सांग.

परिचारिका म्हणून तिथली नोंदणी नसल्यामुळे तुला बाळाला हात लावता येणार नाही. हात शिवशिवतील, पण वाईट वाटून घेऊ नकोस. फोटो तर परवानगीशिवाय अजिबात नको. आणि प्रश्न विचारायचे ते विभागप्रमुखांना नव्हे, चहाच्या सुट्टीत पाळीवरच्या परिचारिकेला: हे कुठे फसतं? कागद कधी अर्धवट राहतो? माणसं कमी पडली की कुठली पायरी गळते? खरी माहिती तिथेच मिळते.

यजमानांच्या घरी जेवून उठताना आपलं ताट आपण उचल. मांसाहार चालत नसेल तर पहिल्याच दिवशी सांग. संकोचाने उपाशी राहिलीस तर त्यांनाच जास्त अवघड वाटेल.

भेटवस्तूंचं विचारलं होतंस. सावंतवाडीची लाकडी खेळणी छान, फक्त विमानतळावरच्या कार्डावर 'लाकडी वस्तू' म्हणून नोंद कर. आईने दिलेले लाडू, मसाले, बियासुद्धा लपवू नकोस. तिथले जैवसुरक्षेचे नियम कडक आहेत आणि न सांगितल्याचा दंड जबर असतो. शक्यतो लाडू घरीच खाऊन जा.

तुझा,
रोटरीतला काका