शेजारणीचा सूर ऐकू येऊ दे

आपल्या गायनवृंदात दोन वेगळ्या ओळी एकदम गाताना तुझा सूर शेजारी दुसरी ओळ गाणारीकडे घसरतो म्हणालीस ना, पहिली दोन वर्षं माझाही घसरायचा. आपण लहानपणापासून भुलाबाईची गाणी सगळ्याजणी एकाच चालीत म्हटलेली. दुसरी ओळ कानी पडली की गळा तिकडे धावणारच. पण म्हणून कानावर हात ठेवू नकोस गं. तानपुऱ्यावर सा धर, आपली ओळ नुसत्या 'आ'कारात पक्की कर, शब्द मागाहून. मग दुसऱ्या ओळीच्या एकीलाच सोबत घे.

आपण गातो ते 'लेखा दोदी' हे शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, स्वागताचं गीत 16व्या शतकात आजच्या इस्रायलमधल्या सफेद नावाच्या गावी श्लोमो अल्काबेत्झ यांनी रचलं. त्याच्या चाली मोजता येणार नाहीत इतक्या. ज्यू संगीतातल्या 'अहावा रब्बा' या स्वरावलीचे सूर तर आपल्या बसंत मुखारी रागाचेच: रे, ध, नी कोमल, ग शुद्ध. वरचा आवाज रे वरून ग वर झेपावतो आणि खालचा सा सोडत नाही, तिथे मला अजूनही शहारा येतो. खालची ओळ कमी प्रतीची समजू नकोस, सगळा भार तिच्यावर असतो.

'लेखा'तला ख घशातून, उर्दू 'ख़बर'सारखा. स्तोत्रात देवाचं नाव आलं तर सरावात त्याऐवजी 'हाशेम' (म्हणजे 'ते नाव') म्हणायचं. ही ज्यूंची रीत आहे, मनापासून पाळ.

कोकणातल्या बेने इस्राएलांनी, म्हणजे आपल्या मराठी ज्यूंनी, 19व्या शतकात बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनं रचली, तीही ऐक. आणि उन्हाळ्यात रियाजापुरता कूलर बंद ठेव, त्याची घरघर सूर ओढून नेते.